‘फक्त आकडे द्या, भावना नकोत’

विज्ञानाच्या बातम्यांबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आकडे तटस्थ असतात, भावना आली की वाचकाची बुद्धी झोपते, शास्त्रज्ञ निर्विकार असतात म्हणून पत्रकारानेही तसंच असावं, आणि लसविरोध पसरला तो भावनिक बातम्यांमुळेच. ऐकायला भारदस्त आहे. पण एकेक मुद्दा तपासू.

आधी तटस्थ आकड्यांचं बघू. ऑक्टोबर 1995मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातमी झाली, ‘धोका 100 टक्क्यांनी वाढला’. या वाक्यात एकही भावनिक शब्द नाही. तरी असंख्य बायकांनी घाबरून गोळ्या थांबवल्या, नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. मूळ धोका किती होता? 7,000 बायकांमागे एक. दुप्पट म्हणजे दोन. वर, गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! आकडा खरा होता, पण कोणता आकडा पुढे ठेवला यातच भीती भरलेली होती. ‘सात हजारांत एकीऐवजी दोघी’ असं छापलं असतं तर तीच माहिती वाचून बहुतेकींनी निवांतपणे डॉक्टरांना विचारलं असतं. भीती आणि निवांतपणा, दोन्ही भावनाच. तेव्हा बातमीतून भावना गाळता येत नाही. ती पुराव्याच्या मापाची आहे का, एवढंच बघता येतं.

बुद्धी झोपते, हा मुद्दा मेंदूविज्ञानाच्या अंगाने कच्चा आहे. मेंदूवैज्ञानिक अंतोनियो दमासिओ यांच्या एका रुग्णाचा मेंदूतला ट्यूमर काढताना पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धीच्या चाचण्यांत तो चांगले गुण मिळवायचा, पण भावना बोथट झाल्या होत्या. मेंदूच्या याच भागाला इजा झालेला त्यांचा एक रुग्ण तर साधी पुढची भेट कधी ठरवायची यावर जवळजवळ अर्धा तास घोळ घालत बसला. कशाचंच काही वाटत नसेल तर निवड कशाच्या जोरावर करणार?

निर्विकार शास्त्रज्ञांबद्दल फार लिहायला नको. 4 जुलै 2012ला हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा सभागृहात बसलेले, त्याचं भाकीत करणारे पीटर हिग्ज डोळे पुसत होते. जवळजवळ अर्धशतकाची वाट पाहणं त्या डोळ्यांत होतं. ते वगळणारी बातमी जास्त वैज्ञानिक ठरत नाही, अपुरी ठरते.

लसीचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा 1998चा शोधनिबंध फक्त 12 मुलांवर होता. 2010मध्ये तो मागे घेतला गेला. मधली बारा वर्षं काळजीने पोखरलेल्या आईबापांच्या मुलाखतींनी बातम्या भरल्या. 2002मध्ये डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासाने असा संबंध नाही हे दाखवलं, पण तो आकडा त्या चेहऱ्यांपुढे फिका पडला. इथे चूक भावनेची कमी आणि एकतर्फीपणाची जास्त. गोवरालाही चेहरा आहे. लेखक रोआल्ड डाल यांची सात वर्षांची ऑलिव्हिया 1962मध्ये गोवराने गेली, अमेरिकेत पहिल्या लशीला परवाना मिळायच्या आदल्या वर्षी. पुढे डाल यांनी तिच्याबद्दल पत्र लिहून इतर पालकांना मुलांना लस टोचून घ्यायची विनंती केली. त्या पत्रात हुंदका आहे आणि एकही वैद्यकीय खोटेपणा नाही.

भावना हद्दपार करायला निघालेल्या मंडळींना एक काम मात्र सुचवतो. लशीच्या कोरड्याठाक बातमीशेजारी हमखास एक फोटो असतो, भलीमोठी सुई आणि किंचाळणारं बाळ. आधी तो काढा. त्यात मीही तुमच्या बाजूने.