मिडवाइफच्या संघटनेला मूल्यं कशाला? एका डॉक्टर वाचकांना उत्तर

मॅडम, नमस्कार. मिडवाइफ म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली नर्स. तिच्या व्यावसायिक संघटनेचं ध्येय आणि मूल्यं यांवर मी लिहिलेलं तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं: मूल्यं म्हणजे सभागृहात लावायची पाटी, खरा बेत डॉक्टरला बाजूला सारायचा, सुईणींच्या भरवशावर होत्या तेव्हा बायका दगावत होत्याच, आणि पुण्यात गल्लोगल्ली प्रसूतिगृह असताना हे खूळ हवं कुणाला?

सुईणींचा मुद्दा आधी उरकते. 1847 पूर्वी व्हिएन्नाच्या एकाच रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. डॉक्टरकी शिकणाऱ्यांच्या विभागात सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बायका दगावत, कारण ही मुलं शवविच्छेदन करून तशाच हातांनी तपासायला येत. तिथल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं हात धुवायला लावले आणि मृत्यू कमी झाले. (टोमणा नाही हं. तुम्हीच इतिहास काढलात म्हणून.) बाळंतीण वाचते ती वेळेवर रक्त, रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन, झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, अँटिबायोटिक आणि गरजेला सीझर मिळाल्यानं. त्या काळी यातलं फारसं काही सुईणीपाशी नव्हतं, तसं डॉक्टरपाशीही नव्हतं.

पाटीचा आक्षेप मात्र मी सोडणार नाही. पगार, ड्यूट्या, रजा यांसाठी युनियन आहे आणि असावी. व्यावसायिक संघटनेनं आपल्याच सभासदांना अडचणीचे प्रश्न विचारायचे असतात. मिडवाइफ संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं 1993 मध्ये आचारसंहिता स्वीकारली. मनाला अजिबात न पटणाऱ्या कामाला मिडवाइफ नकार देऊ शकते, असं ती म्हणते. पण त्या नकारापायी बाईची आवश्यक सेवा हुकता कामा नये, हेही तीच बजावते. आता आपल्याकडे बघा. गर्भपातासाठी आलेल्या बिनलग्नाच्या मुलीकडे लेबर रूममध्ये कोणत्या नजरेनं पाहतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. कळांनी ओरडणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही का ओरडलीस?’ असं कोण सुनावतं? पुष्कळदा आम्ही सिस्टरच. डॉक्टरांनी दटावून हे थांबत नाही, तुमच्यासमोर कुणी असं बोलतही नाही. आमच्यातल्याच कुणीतरी दुसरीला तिथल्या तिथे गप्प करायला हवं, आणि तसं करणारी एकटी पडू नये म्हणून तिच्यामागे संघटना हवी. माझ्या लेखी संघटनेचं पहिलं काम हे.

डॉक्टरला बाजूला सारण्याचं म्हणाल, तर केंद्र सरकारची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. अनुभवी नर्सला मिडवाइफरीचं 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण, जोखीम नसलेली बाळंतपणं तिच्याकडे, गुंतागुंत दिसली की तुमच्याकडे. कधी हाक मारायची हे कळणं, हा त्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

राहिलं पुणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशातल्या खासगी रुग्णालयांतली 47.4 टक्के बाळंतपणं सीझरनं झालेली दिसतात, सरकारीत 14.3 टक्के. त्यातली सगळी अनावश्यक, असं मी म्हणणार नाही. पण कळा सुरू असताना तासन्‌तास बाईपाशी बसायला, तिला चालवायला, कुशीवर वळवायला, बाळाचे ठोके ऐकत वाट बघायला माणूस लागतं. आमच्या विद्यार्थिनी हे शिकतात, नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी घेतात, आणि नोकरीत वर्षभरात डोळ्यांच्या वॉर्डात जातात, कारण ड्यूटी फिरती. शिकलेला हात असा वाया जातो. प्रसूतिगृह गल्लोगल्ली असून त्यावर उपाय होत नाही.

‘चुकली तर तिला जाब कोण विचारणार, तिचीच संघटना?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. नाही. 2023 च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्यात आचार आणि नोंदणीसाठी वेगळं मंडळ आहे. संघटनेला कुणाची नोंदणी रद्द करता येत नाही आणि येऊही नये. सभासदाची बाजू मांडणारे आणि तिला शिक्षा करणारे एकच असले, तर बाळंतिणीची तक्रार मधेच जिरेल.