पाहुण्यांसाठी राखलेलं घर

आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या चुलत भावाने क्योतोच्या एका जुन्या घराचा फोटो टाकला. दर्शनी भागाला लाकडी जाळी, दारात कागदी कंदील. खाली लिहिलं होतं, 'जपानी माणूस घर पाडत नाही. आणि आपण वाडा बिल्डरला द्यायला निघालोय.' हा भाऊ बाणेरला तेराव्या मजल्यावर राहतो. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात तो शेवटचा मुक्कामाला होता तो स्वतःच्या मुंजीत. तरी अकरा जणांनी अंगठा दिला, आणि मग सगळ्यांनी मला साक्षीला ओढलं. तू तिथे राहतेस, तूच सांग.

मी ओसाकाशेजारी तोयोनाकात सोळा वर्षं राहते. म्हणून सांगते. जपानी माणूस घर पाडतो, आणि सराईतपणे पाडतो. आमच्या गल्लीत माझ्यादेखत पाच लाकडी घरं गेली. आधी कंत्राटदाराचा माणूस दारोदार टॉवेल देऊन माफी मागून जातो, मग घराभोवती कापड चढतं, आणि थोड्याच दिवसांत तिथे चार गाड्यांचं कॉइन पार्किंग झालेलं असतं. कर खात्याच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं. त्यापुढे किंमत जमिनीची. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली. ही सगळी जपलेली घरं आहेत का?

खुद्द क्योतोचं ऐका. फोटोतल्यासारख्या घरांना तिथे माचिया म्हणतात. रस्त्यावर दुकान किंवा कारखाना, मागे बिऱ्हाड. महापालिकेने २०१६ मध्ये मोजणी केली तेव्हा अशी सुमारे ४० हजार घरं उरली होती. त्याआधीच्या सात वर्षांत साडेपाच हजारांहून जास्त गेली होती, म्हणजे दिवसाला दोन. २०१८ मध्ये तर शहराच्या मध्यवर्ती भागातलं, १४६७ सालचं मानलं जाणारं एक घर पाडलं गेलं. ओनिनचं युद्ध, अनेक मोठ्या आगी, सगळं सोसून ते उभं होतं. महापालिकेने जपण्यासाठी नेमलेली माचिया पाडायची तर वर्षभर आधी कळवायचं, हा नियम त्याच सुमारास आला. बाप गेला की मुलांवर वारसा कर येतो, वरचा दर ५५ टक्के. शहरातल्या जमिनीवर तो भरायचा तर पुष्कळांना घरच विकावं लागतं. आपल्याकडे असा कर १९८५ सालीच बंद झाला. आपले वाडे वेगळ्या कारणाने मोडतात. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं आहेत आणि खालचे भाडेकरू महिन्याला बावीस रुपये देतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'पण फोटो तर खरा आहे ना?'

फोटो खरा आहे. तशा घरात मी राहूनही आले, गेल्या नोव्हेंबरात, आई इकडे आली होती तेव्हा. दोन-अडीच दशकांपासून क्योतोत पडायला आलेल्या माचिया दुरुस्त करून अख्ख्याच्या अख्ख्या पाहुण्यांना द्यायची पद्धत रुळली आहे. त्यात सुरुवातीला पुढाकार घेणाऱ्यांत अॅलेक्स केर हा अमेरिकन होता. आम्ही घेतलेलं घर निशिजिनमधलं. ही विणकरांची वस्ती, किमोनोवर बांधायचे ओबी तिथे विणतात.

दार इतकं बुटकं की आई वाकून आत गेली आणि म्हणाली, 'दिंडीच आहे की.' रुंदी आमच्या ओटीएवढी आणि लांबी संपतच नाही. तिथले लोकच अशा घराला वाम माशाचं अंथरूण म्हणतात. एका कडेने दगडी बोळ थेट मागेपर्यंत जातो. त्यातच स्वयंपाकघर, आणि त्याच्यावर माळा नाही, थेट छपरापर्यंत उंच पोकळी. धूर वर जावा म्हणून. आईने मान वर करून बघितलं. 'सवणं.' मधल्या अंगणात एक दगड, एक नेचा आणि पाण्याचं भांडं. आमच्या चौकात तुळस आहे, आड आहे, वाळत घातलेली चादर आहे. मातीच्या भिंतीवरून तिने तळहात फिरवला, तसा ती वाड्याच्या भिंतीवरून आजवर कधी फिरवताना मी पाहिली नाही.

मग तिने पिशवीतून प्रवासातला गणपती काढला आणि तोकोनोमात, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या शोभेच्या कोनाड्यात ठेवला. मी घाईने म्हटलं, 'आई, तिथे नाही ठेवायचं काही, ती तशी जागा नाही.' ती म्हणाली, 'कोनाडा आहे ना?' आणि गणपती उचलून परत पिशवीत ठेवला. मला ते अजून खुपतं. घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी कुणाच्या वतीने तिला अडवलं?

त्या घराचं खरं नूतनीकरण मागच्या बाजूला होतं. सुगंधी लाकडाचं न्हाणीघर, जमिनीखालून ऊब, आपोआप उघडणारा संडास. आई शहात्तर वर्षांची आहे. वाड्यात संडास चौकापलीकडे आहे. रात्री पावसात ती डोक्यावर गोणपाट घेऊन चौक ओलांडते, पन्नास वर्षं ओलांडते आहे. न्हाणीघरातून ती बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि चुलीजवळच्या पायरीवर बसली. 'किती खर्च केलाय गं. पण पाहुण्यांसाठी. इथल्या बाईसाठी हे कुणी केलं असतं, तर ती गेली असती का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर ती बाहेर झाडू मारत होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईही आपलं अंगण झाडत होत्या. क्योतोत आपल्या दारापुढे झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीतलं थोडंसं झाडायचं, पण फार आत जायचं नाही, अशी रीत आहे. आई सरळ त्यांच्या दारापर्यंत झाडत गेली. मी धावले. त्या हसल्या, वाकल्या आणि बोलायला लागल्या. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होते.

या घरात ओबी विणणारं कुटुंब होतं. मागच्या खोलीत माग होते, दिवसभर आवाज यायचा. तो थांबला तेव्हा सुरुवातीला झोप लागत नव्हती म्हणाल्या. पुढे मालक वारले, मुलं तोक्योत. आता रात्री बॅगांच्या चाकांचा आवाज येतो. चुकीच्या वारी कचरा बाहेर ठेवला जातो, तो त्या उचलून आत ठेवतात. चोनाईकाईचं, म्हणजे गल्लीच्या रहिवासी मंडळाचं फिरतं पत्रक या दाराला वगळून पुढे जातं, कारण सही करायला घरात कुणी नसतं. मी विचारलं, मग हे असं झालेलं तुम्हाला आवडत नाही? त्या थोडं थांबल्या. 'पार्किंगपेक्षा बरं. संध्याकाळी दिवा दिसतो.'

मागाचं ऐकून आई खुलली. तिचं माहेर येवल्याचं. पैठणीच्या मागाचा ठोका ऐकत ती मोठी झाली. तिने त्या बाईंना हाताने दाखवलं, विणणारा पाय खड्ड्यात सोडून कसा बसतो ते. 'येवल्यात अजून घराघरांत माग आहेत, त्यांना सांग. घरातच बसतात, घरातच विणतात.' मीही ते जरा जास्तच अभिमानाने सांगितलं. सोळा वर्षांत येवल्याला मी एकदाही गेलेली नाही.

ग्रुपवर आता दुसरीच टूम निघाली आहे. आत्याची मुलगी म्हणते, सिंहस्थ तोंडावर आलाय, वाड्याचा होमस्टे करू, क्योतोसारखा. चौदा नावांपैकी जे तिथे राहत नाहीत त्यांना सगळ्यांना हे पटलं. क्योतोत अशा घराच्या दारावर व्यवस्थापकाचा नंबर लावलेला असतो आणि तो माणूस दहा मिनिटांत पोचेल इतक्या जवळ असावा लागतो. आमच्या दारावर कुणाचा नंबर लावणार? वहिनीचा. पावसाळ्यात माजघरात बादल्या लावणारी तीच, मे महिन्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावरून काढून ट्रंकेत ठेवणारी तीच, गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की खालचं धान्य वर चढवणारीही तीच. तिला ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि इतके दिवस जे लिहिलं नाही ते इथे लिहिते. बिल्डरच्या करारावर दोन वर्षांपासून जी एक सही अडली आहे, ती माझी. चुलत भावाचा मला एवढा राग आला, कारण तो जे बोलतो तेच मी दादाला फोनवर बोलत आले आहे. वारसा, सागवानी खांब, पणजोबा. नाशकात गेले की मी दोन रात्री वाड्यात राहते, कोनाड्यांचे फोटो काढते आणि तिसऱ्या दिवशी गंगापूर रोडला हॉटेलात जाते, मुलाला तो संडास जमत नाही असं सांगून. मुलगा तेव्हा काहीच म्हणालेला नसतो. इथे कुणी विचारलं, तुमचं गाव कुठलं, की मला तो चौक आठवतो. तो उभा असला की इथलं सगळं तात्पुरतं वाटतं, आणि तसं वाटलं की इथे राहणं सोपं जातं. त्यासाठी माझी आई रात्री पावसात चौक ओलांडते.

दादाने आजवर एका शब्दानेही मला टोचलेलं नाही. फक्त दर काही महिन्यांनी विचारतो, 'कागदांचं काही बघितलंस का गं?'

बघितलं. मंगळवारी ओसाकाच्या वकिलातीत जाते आहे. पॉवर ऑफ अॅटर्नी दादाच्या नावाने आहे, अट एकही घातलेली नाही. पाडायचं, बांधायचं की पाहुण्यांना द्यायचं, ते तो आणि वहिनी ठरवतील. वकिलातीच्या अर्जात भारतातल्या कायमच्या पत्त्याचा रकाना आहे. सोळा वर्षं मी तिथे वाड्याचा घर नंबर लिहीत आले. या वेळीही तोच लिहिला आहे.