गोव्यातली चर्चं म्हणे युरोपची झेरॉक्स

तो फॉरवर्ड परत फिरतोय. 'गोव्यातली चर्चं म्हणजे युरोपची झेरॉक्स, दगड, कारागीर, सामान सगळं पोर्तुगालहून जहाजाने आलं, इथलं काहीच नाही.' काल घरच्या ग्रुपवर चौथ्यांदा आला, म्हणून लिहितोय. मोठी चर्चं राहू दे, तिसवाडी तालुक्यात तळावली गावचं सांतान, म्हणजे संत आनाचं चर्च घेऊ. गावचंच चर्च, 1681 ला काम सुरू, 1695 ला पूर्ण, आणि बरोक, म्हणजे युरोपातली ती नटवी भपकेदार शैली, म्हणाल तर एकदम तालेवार.

दगड म्हणाल तर जांभा, आपल्या कोकणातला चिराच. भोकाभोकांचा असतो, पावसात पाणी पितो, म्हणून वरून चुन्याचा गिलावा लागतोच. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च लाल दिसतं ना, ते मुळात तसं नव्हतं, 1950 च्या दशकात गिलावा काढला म्हणून तसं दिसतं. आणि त्याच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईकडचा, लिस्बनचा नाही.

खिडक्या बघितल्यात का कधी नीट? गोव्यातल्या बऱ्याच जुन्या चर्चांत नि घरांत काच नसते, शिंपले असतात. चपटे पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत एकेक सरकवलेले, ऊन आत येतं ते दुधासारखं होऊन. हे कुठल्या जहाजातून आलं?

कारागिरांचा मुद्दा तर उलटाच पडतो. 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रं करून घ्यायची नाहीत असा ठराव केला. आता करून घेतच नव्हते तर बंदी कशाला घातली बाबा? म्हणूनच पुल्पिताखाली, म्हणजे पाद्री जिथून प्रवचन देतो त्या उंच मंचाखाली, नागिणीसारख्या बायका कोरलेल्या दिसतात, फेरीने येताना कुणी लिस्बनहून आणल्या नसाव्यात.

हां, एक मान्य. आराखडा, कमानी, वेदीची रचना हे सगळं युरोपचंच आहे, नाही कोण म्हणतंय. राज्य त्यांचं, हुकूम त्यांचा. पण झेरॉक्समध्ये शिंपले येत नाहीत.

आणि फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव. जुलैअखेर सांतानला तवशांचं फेस्त, म्हणजे काकड्यांचं, आमच्या मालवणातही तवसंच म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी संत आनाला काकडी वाहतात. पोर्तुगीजमध्ये नवस पण यमकात, पेपिनु घे नि मिनिनु दे, म्हणजे काकडी घे, पोर दे. आता ही काकडी पण पोर्तुगालहून आली म्हणा!