शॅडो मॅप मोठा केला की सावली सुधारते?

बेळगावात गेम तयार करायला शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे : ‘सावली खराब दिसते? शॅडो मॅप ४०९६ किंवा ८१९२ करा. पट्टे जातील, आणि सावली जितकी धारदार तितकी खरी.’ या सल्ल्यापायी मुले साध्या लॅपटॉपवर नाहक भार टाकतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

शॅडो मॅप म्हणजे प्रकाशाच्या जागेवरून पाहून केलेली खोलीची, म्हणजे कोणता पृष्ठभाग तिथून किती दूर आहे याची, नोंद. ही पद्धत लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली. राजहंसगडाचा २०० मीटरचा परिसर २०४८ च्या (एका बाजूला २०४८ चौकटी असलेल्या) एकाच नकाशात बसवला, तर एका टेक्सेलच्या, म्हणजे नकाशातल्या एका चौकटीच्या, वाट्याला सुमारे १० सेंटीमीटर जमीन येते. ४०९६ केल्यावर ती ५ सेंटीमीटर होते, पण ३२ बिटांच्या नोंदीसाठी मेमरी १६ एमबीवरून ६४ एमबीवर जाते. त्याच ६४ एमबीत २०४८ चे चार कॅस्केड, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराप्रमाणे वाटून घेतलेले वेगळे नकाशे, मावतात, आणि त्यांतला पहिला कॅमेऱ्याजवळच्या २० मीटरपुरता ठेवला, तर समोरच्या पायरीची सावली टेक्सेलमागे एक सेंटीमीटर इतकी बारीक मिळते. दूरच्या तटावर तेवढा बारकावा डोळ्याला जाणवतही नाही. एका लहान दालनापुरत्या दृश्यात नुसते रेझोल्यूशन वाढवून भागते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पट्ट्यांविषयीचे विधान तर कारणच चुकवते. एका टेक्सेलमध्ये खोलीचा एकच आकडा असतो, तिरपा पृष्ठभाग मात्र तेवढ्यातही चढत-उतरत असतो, म्हणून तो जागोजागी स्वतःवरच सावली टाकतो आणि पट्टे दिसतात. रेझोल्यूशनने पट्टे अरुंद होतात, नाहीसे होत नाहीत. त्यावर उताराप्रमाणे बदलणारा बायस, म्हणजे खोलीची तुलना करताना धरलेली थोडी सूट, द्यावा लागतो. तो सरसकट वाढवला, तर सावली पायापासून सुटते आणि माणूस अधांतरी दिसतो.

धारदार सावली हीच खरी, हे मला सर्वांत जास्त खटकते. सूर्य हा बिंदू नव्हे, आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे अडवणारी कड १० मीटर दूर असेल, तर सावलीचा काठ जवळजवळ ९ सेंटीमीटर पसरतो. गडावर उन्हात उभे राहून ध्वजाच्या काठीची सावली पाहावी : बुंध्याशी ती रेखीव असते आणि टोकाकडे विरत जाते. अडवणाऱ्या कडेचे अंतर अजमावून काठ कमी-जास्त मऊ करणारी पद्धत रंदिमा फर्नांडो यांनी २००५ मध्ये मांडली, आणि ८१९२ च्या नकाशातून ते विरणे आपोआप येत नाही.