लॉक सापडलं का?

स्प्लेंडर सकाळी सुरू केली की मिनिटभर निळा धूर सोडायची आणि मग दिवसभर साळसूद. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ती रस्ताभर धुरत राहिली असती. रात्रभर झिरपलेलं ऑइल सकाळी एकदाच जळतं, ते वॉल सीलचं काम, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली झिरपू न देणाऱ्या सीलांचं. दोन चिमुकली रबरी सीलं. पण ती बदलायची तर इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड उतरवा, वॉल काढा, आणि वॉल काढायचे तर स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर आणा.

वडिलांना हे पटेना. त्यांनी उमेदीची वर्षं चेतकवर काढलेली. "आडवी केली की चालू व्हायची. असली थेरं नव्हती." खरं आहे, त्या टू-स्ट्रोकला वॉलच नव्हते, मग स्प्रिंगा कुठून येणार!

नाना पेठेत दुकानदाराने जो कंप्रेसर काढला, त्यात मारुतीचं हेड आरामात मावलं असतं. "घ्या, सगळ्यांना चालतो." चालत नाही. ही वस्तू घेताना क्लॅम्प किती दणकट ते नंतर, आधी तिची वाटी बघायची. स्प्रिंगवरच्या रिटेनरवर, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या चकतीवर ती नेमकी टेकली पाहिजे आणि बाजूच्या खिडकीतून, ही चकती वॉलच्या दांडीला अडकवणारं लॉक दिसलं पाहिजे. वाटी मोठी असली तर ती हेडलाच दाबत बसते, स्प्रिंग जागची हलत नाही. शेवटी दुचाकीचा छोटा मिळाला.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला माझी ही खरेदी बघून हसू आवरेना. त्याने रिटेनरवर सॉकेट ठेवला, वर हातोडीचा एक ठोका घातला, लॉक टुणकन बाहेर. "कशाला पैसे घातले, साहेब?" काढायला ठोका पुरतो हो, बसवायला काय करणार? तेव्हा मात्र त्याला गिऱ्हाईक आलं.

प्रत्येक वॉलला दोन लॉक, शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढी. नवं सील बसवलं, वॉलच्या दांडीला ऑइल लावलं, स्प्रिंगचे दाट वेटोळे हेडच्या बाजूला ठेवले आणि कंप्रेसरचा स्क्रू आवळला. दांडीवरची लॉकची खाच दिसली. लॉकला ग्रीस फासून चिमट्याने आत चिकटवलं. दुसरं उचलायला गेलो, तर दुसरं नाही.

मग अख्खं घर बाल्कनीत रांगलं. लोहचुंबक फिरवला, त्याला सेफ्टी पिना, टाचण्या आणि हिने माझ्यावर हरवल्याचा आळ घेतलेली कपाटाची किल्ली चिकटली. वडील म्हणाले, "एकावर नाही भागायचं?" भागतं ना, चालत्या इंजिनात वॉल सुटून पिस्टनवर पडेपर्यंत! एवढ्यात हिने विचारलं, "अहो, तुमच्या कोपराला काय चिकटलंय?"

ग्रीस अप्रतिम होतं.

लॉक बसवलं, स्क्रू हळूहळू सोडला. दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने एक टिचकी मारायची असते. नीट बसलं नसेल तर उडायचं ते इथंच उडू दे. मी वर जुना टॉवेल धरला. वडील पेपर घेऊन दाराआड गेले. काही उडालं नाही.

आठवड्याने मिस्त्री दारात. "साहेब, तो तुमचा कंप्रेसर द्या जरा. संध्याकाळी आणून देतो."

कुठली संध्याकाळ, ते मी विचारायला हवं होतं.