नवी गादी टोचते, म्हणजे ती चांगली?

गाद्यांबद्दलचा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: नवी गादी कडक लागली, टोचली तरी घाबरू नका, पाठीला कडकच गादी हवी. महिना-दोन महिने कळ काढा, शरीराला सवय होते. घेताना 'ऑर्थोपेडिक' लिहिलेली, जाडजूड आणि दहा वर्षं वॉरंटीची घ्या. वापरलेली गादी कुणी परत घेत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. खाली 'जनहितार्थ' असंही लिहिलंय. यातलं एकेक वाक्य पाळलं तर हित होईल ते विकणाऱ्याचं.

आधी कडकपणाचं बघू. हा समज इतका मुरलेला आहे की डॉक्टरांच्या तोंडीही तो ऐकू येतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर याची रीतसर चाचणी झाली, ती २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कडकपणा मोजायची युरोपीय पट्टी १ ते १० अशी आहे, १ म्हणजे सगळ्यात कडक. काहींना २.३ ची कडक गादी दिली, काहींना ५.६ ची मध्यम, आणि कुणाला कोणती हे सांगितलं नाही. ९० दिवसांनी अंथरुणात पडल्यावरचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या हालचाली, तिन्ही बाबतींत मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता.

कारण सरळ आहे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा गादीत थोडा रुतला नाही तर कणा वाकडा राहतो आणि सगळा भार त्या दोन ठिकाणी येतो. उताणं झोपलात आणि कमरेखालून हात आरपार सहज गेला, तर कंबर रात्रभर अधांतरी आहे. हात घुसतच नसेल आणि कुल्ले खाली गेलेले असतील, तर गादी फार मऊ. त्यातही पन्नास किलोच्या बाईला जी गादी फळीसारखी वाटते, तीच नव्वद किलोच्या नवऱ्याला मऊ लागते. म्हणून दुकानात दोघांनी जायचं, चपला काढून आपण झोपतो त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडायचं. सेल्समन बघत असतो, लाज वाटते, वाटू द्या. बसून, हाताने दाबून गादी कळत नाही.

इथे हटकून कुणीतरी म्हणतं, आमचे आजोबा सतरंजीवर झोपायचे. झोपत असतील. पण घरात कापसाच्या गाद्याही होत्या, आणि त्या गोळा होऊन कडक झाल्या की पिंजाऱ्याकडून पिंजून, नवी खोळ घालून, टाके मारून घेतल्या जायच्या. म्हणजे कडक झालेली गादी त्या पिढीलाही नकोच होती.

आता 'सवय होते' हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो खपतो. गुंडाळून आलेली फोमची गादी पूर्ण फुगायला एक-दोन दिवस लागतात, नव्या फोमचा वास खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो, आणि जुन्या खड्ड्याला सरावलेल्या पाठीला सपाट गादी सुरुवातीला परकी वाटते. दोन-तीन आठवडे द्यावेत, हरकत नाही. पण तुम्ही कळ काढत असता तेव्हा परतीची मुदतही संपत असते. काही दुकानं फक्त दहा दिवस देतात, ऑनलाइन कंपन्या शंभर रात्रींपर्यंत, आणि मोजणी बहुतेक वेळा गादी घरी आल्यापासून सुरू होते. मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच.

तेव्हा सहन करण्यापेक्षा तपासा. गादी कॉटवरून काढून दोन रात्री जमिनीवर टाकून झोपा. बरं वाटलं तर दोष गादीचा नाही, खालच्या फळ्यांचा किंवा झोळ आलेल्या लोखंडी पट्ट्यांचा आहे, आणि तुम्ही उगाच गादी बदलायला निघाला होता. दुसऱ्या घरी, दुसऱ्या गादीवर झोपल्यावर पाठ मोकळी असते आणि आपल्या गादीवर सकाळी आखडते, मग तासाभरात सुटते, तर संशय गादीवर. पायात मुंग्या येत असतील, कळ खाली पोटरीपर्यंत जात असेल, तर गाद्या बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

'ऑर्थोपेडिक' छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. आपल्या बाजारात त्याखाली बहुतेकदा रीबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला थर. तो वाईट नाही, पण कडक असतो. जाडीचंही तसंच: आठ इंचांत कुठला थर किती इंचाचा आणि किती डेन्सिटीचा, हे लिहून मागा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ती घनमीटरला किती किलो फोम आहे ते सांगते, आणि त्यावर गादी किती वर्षं तग धरेल याचा अंदाज येतो.

वॉरंटीचा अनुभव मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. ओळखीतल्या एका घरी तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याने चादर काढायला लावली, गादीवर आडवी पट्टी ठेवली आणि पट्टीच्या खाली टेपने खड्डा मोजला. भरला पाऊण इंच. कार्डावर लिहिलं होतं दीड इंचापासून पुढे. गादीवर माणूस झोपला की ती चांगली तीन इंच खाली जायची, पण मोजतात ती रिकामी गादी. फोम नरम पडणं हा बहुतेक कार्डांवर दोषच धरलेला नसतो. शिवाय डाग पडला असेल तर वॉरंटी गेली, आणि नंतरच्या वर्षांत बदलून देताना वापराचे पैसे कापून घेतात. दहा वर्षं हा आकडा वाचण्याऐवजी इंचाचा आकडा वाचा, आणि पहिल्या दिवसापासून धुता येणारं कव्हर घाला.

राहिलं परत घेण्याचं. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गादी नुसती आवडली नाही, तर कायदा तुमच्या मदतीला येत नाही, ट्रायलची अट असेल तेवढाच आधार. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा: परत न्यायला येण्याचे पैसे कोण देणार, आमच्या गावातून उचलणार का, प्लास्टिक आणि लेबल जपायचं का, पैसे परत मिळणार की दुसरी गादीच घ्यावी लागणार. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

पण गादी सदोष असेल, किंवा सांगितलेल्या थरांऐवजी आत वेगळंच निघालं, तर गोष्ट निराळी. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का असला म्हणून दुकानदार सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा, पट्टी आणि टेप ठेवून फोटो काढा, बिल जपा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.