सगळ्याला 'फार्म' म्हणा आणि मोकळे व्हा!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. मुलांसाठी इंग्रजी वाचनाचे धडे लिहून देते, हे तुम्हाला माहीतच आहे. तपासून आलेली फाइल उघडली तर शेतीवाडीचे वेगवेगळे इंग्रजी शब्द, प्लँटेशन, रँच, स्टेशन, क्रॉफ्ट सगळे गायब! एकजात 'फार्म'. समासात शेरा : 'मुलांना सोपं जाईल.'

काय सोपं जाईल? गुलामगिरीच्या धड्यात आता अमेरिकेच्या दक्षिणेतले गुलाम 'फार्मवर काम करायचे'. वाचलं की डोळ्यांपुढे काय येतं? कोंबड्या, गवताच्या गंज्या, लाल रंगाचं कोठार. अहो, प्लँटेशन म्हणजे मैलोगणती कापूस, ऊस नाहीतर तंबाखू, माल लांबच्या बाजारासाठी, आणि राबणारे हात दुसऱ्याचे. यादवी युद्धाआधीच्या दक्षिणेबद्दल लिहिताना इतिहासकार 'प्लँटर' कुणाला म्हणतात? साधारणपणे ज्याच्याकडे २० किंवा जास्त गुलाम होते त्याला. जमीन किती, हे कुणी विचारतच नाही. छोट्या फार्मवरही गुलाम होते, मान्य. म्हणून काय दोन्ही एकच?

आणि प्लँटेशन या शब्दाचा आधीचा इतिहासही काही गोड नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आयर्लंडच्या उत्तरेत, अल्स्टरमध्ये, लोकांच्या जमिनी काढून घेऊन तिथे स्कॉटलंड-इंग्लंडची माणसं वसवली. त्याचंही नाव प्लँटेशनच. माणसांची लागवड! अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या अधिकृत नावात 'प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' होतं, तिथे अर्थ नुसता वसाहत असा. तरी २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ते काढलं. एका शब्दासाठी आख्खं राज्य मतदानाला उतरतं आणि इथे माउसच्या एका क्लिकवर काम तमाम. वर 'सोपं जाईल'!

बरं, जरा शांत होते. तपासणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसणार. आणि ऑर्चर्ड की ग्रोव्ह यावरून मी कुणाशी भांडणार नाही, दोन्हीकडे झाडंच. ('ऑलिव्ह ऑर्चर्ड' मात्र माझ्या कानाला खटकतं, काय करू.) फार्म आणि फील्ड यांतला फरक तर मुलांना चित्रावरूनच कळतो : फील्ड म्हणजे पिकाचा तुकडा, फार्म म्हणजे घर, गोठा, कोठार यांच्यासकट सगळं बिऱ्हाड.

पण रँच? तिथे नांगराचं काय काम? मोकळ्या कुरणावर गुरं चारायची, शब्दसुद्धा स्पॅनिशमधून आलेला. टेक्सासमधलं किंग रँच १८५३ पासून आहे, सव्वाआठ लाख एकरांचं. आणि त्याच्या अगदी उलट टोकाला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला क्रॉफ्ट : खंडानं घेतलेला जमिनीचा एवढासा तुकडा, ज्यावर पोट भरत नाही म्हणून माणूस मासेमारीही करतो. जमीनदार कधीही हाकलून द्यायचा. १८८६ च्या कायद्यानं कुठे कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. आमच्या फाइलीत टेक्सासचा तो गुरांचा धनी आणि हा खंडकरी, दोघेही 'फार्मर'. झालं.

आता कुणीतरी शहाणा येऊन सांगेल की 'फार्म' हाही मुळात ठरावीक खंडासाठीचा शब्द, शेतीशी त्याचा संबंध नंतर आला. हो, खरं आहे. आज तो सगळ्यांत साधा, सगळ्यांना सामावणारा शब्द आहे हेही खरं. म्हणूनच राग येतो. त्या एका शब्दात मालक कोण, राबतो कोण, सगळं झाकलं जातं.

बाकीच्या दुरुस्त्या गुमान मान्य केल्या, स्टेशनसुद्धा सोडलं. (ऑस्ट्रेलियातल्या अवाढव्य मेंढ्या-गुरांच्या मुलखाला स्टेशन म्हणतात, आणि पोरं रेल्वे शोधत बसतील, हा मुद्दा बाईंचा बरोबर आहे.) रँच आणि क्रॉफ्ट चित्रं घालून परत टाकलेत. प्लँटेशनसाठी मात्र वाक्याखाली तीन ओळींची टीप लिहून फाइल पाठवली आहे. ती टीप काढली तर धड्यावर माझं नाव नको, असंही कळवलंय.

पॅडॉकचं अजून ठरत नाहीये. ब्रिटनमध्ये ते घोड्यांचं छोटंसं आवार, ऑस्ट्रेलियात कुंपण घातलेलं कुठलंही रान, कितीही मोठं असो. कुणाला सुचलं तर कॉमेंटमध्ये सांगा. फक्त 'फार्म' लिहू नका.